'मस्ट'चे 'हॅड टू' कधी करू नये: मायकेल स्वान यांचे 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज' एका प्रश्नापुरते तपासून

इंग्रजीचे जाडजूड संदर्भपुस्तक घ्यावे की नाही, हे अनुक्रमणिका चाळून कळत नाही. एक अवघड प्रश्न हातात घ्यावा आणि पुस्तक त्याला कुठवर साथ देते ते बघावे. इथे घेतलेला प्रश्न वृत्तकथनाचा, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात सांगण्याचा (इंग्रजीत 'इनडायरेक्ट स्पीच'), आणि तो असा: 'सेड', 'टोल्ड', 'थॉट', 'न्यू' असे भूतकाळी क्रियापद आले, की त्याच्या पुढे येणाऱ्या मोडल क्रियापदांचे, म्हणजे विल, कॅन, मे, मस्ट, शुड या मंडळींचे काय करायचे? आणि पुस्तक आहे मायकेल स्वान यांचे 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज', ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेले. पहिली आवृत्ती 1980 ची, चौथी 2016 ची. परीक्षण चौथीचे आहे. खालची इंग्रजी वाक्ये पुस्तकातली नाहीत, तपासणीसाठी वेगळी रचली आहेत.

हा प्रश्न मराठी माणसाला विशेष नडतो आणि त्याचे कारण मराठीतच आहे. आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येईन.' बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. 'मी'चा 'तो' करत नाही, 'येईन'चा काळ हलवत नाही. 'तो उद्या येईल असं म्हणाला' असे केले तरी 'येईल' जागच्या जागी राहते. इंग्रजीत मात्र 'ही सेड ही वुड कम'. या 'वुड'ला मराठीत स्वतःची अशी जागाच नाही. शाळेत 'वुड'ची ओळख होते ती 'असता-असती'च्या वाक्यांत, नाहीतर 'वुड यू लाइक सम टी' अशा अदबीच्या बोलण्यात. त्यामुळे 'ही सेड ही वुड कम' वाचले की येण्याबद्दल काहीतरी शंका आहे असे वाटते, आणि हात आपोआप 'विल'कडे वळतो.

ही खाच बुजवायला बाजारातली गाइडे एक तक्ता देतात. 'डू ॲज डायरेक्टेड'च्या प्रश्नाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने तो पाठ केलेला असतो: विलचे वुड, कॅनचे कुड, मेचे माइट, शॅलचे शुड, मस्टचे हॅड टू. यातल्या पहिल्या दोन ओळी बिनधास्त वापराव्यात. तिसरी बहुतेक वेळा चालते. चौथी आणि पाचवी अनेकदा चुकतात. शिवाय तक्ता एका गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नाही: मूळ बोलण्यातच वुड, कुड, शुड, माइट असेल तर काय? तक्ता गप्प, म्हणून विद्यार्थी स्वतःच एक पायरी आणखी मागे जातो आणि 'शुड'चे 'शुड हॅव' करतो. 'यू शुड सी अ डॉक्टर' या साध्या सल्ल्याचे मग 'शी टोल्ड हिम ही शुड हॅव सीन अ डॉक्टर' होते. आई म्हणाली होती 'डॉक्टरला दाखव बाबा', आणि उत्तरपत्रिकेत ती म्हणते आहे 'डॉक्टरला दाखवायला हवं होतंस'. सल्ल्याचा ठपका झाला. बरोबर वाक्य आहे 'शी टोल्ड हिम ही शुड सी अ डॉक्टर'. काहीही हलवायचे नव्हते.

स्वान यांचे पुस्तक नेमके इथे कामाला येते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: कुड, माइट, वुड, शुड, ऑट आणि मस्ट ही भूतकाळी क्रियापदानंतर सहसा बदलत नाहीत. नीडन्ट आणि हॅड बेटर ही त्याच रांगेत. सगळा मजकूर जेमतेम चार ओळींचा. पण या चार ओळींनी तक्त्याचे निम्मे नुकसान भरून निघते.

असे का, हे समजले तर यादी पाठ करावी लागत नाही, म्हणून इथे थोडी भर घालतो. वुड, कुड, माइट, शुड ही मुळात विल, कॅन, मे, शॅल यांचीच भूतकाळी रूपे. एकदा भूतकाळात गेलेल्याला आणखी मागे ढकलायला जागा उरत नाही. ऑट हे 'ओ' म्हणजे देणे लागणे या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप. आणि मस्ट? तेही जुन्या इंग्रजीतल्या 'मोटान' या क्रियापदाच्या 'मोस्टे' या भूतकाळी रूपातून आले. मूळ क्रियापद मागे पडले आणि भूतकाळी रूपच वर्तमानात वापरू लागले. म्हणून 'मस्ट'ला आज वेगळा भूतकाळ नाही आणि वृत्तकथनात ते आहे तसेच बसते.

आता 'मस्ट'पाशी जरा थांबू, कारण गाइडाचा तक्ता सर्वात जास्त पडतो तो इथेच.

दिवसभर उन्हात फिरून आलेल्या पाहुण्याला कोणी म्हणते, 'यू मस्ट बी टायर्ड.' हे सांगायचे आहे. तक्त्याप्रमाणे लिहिले तर 'शी सेड आय हॅड टू बी टायर्ड'. सरळ वाचले तर याचा अर्थ 'मला दमावंच लागणार असं ती म्हणाली', जणू दमणे ही सक्ती होती. 'हॅड टू बी' तर्कासाठी मुळीच चालत नाही असे नाही, बोलताना कधी कानावर पडते. पण इथे ते सक्तीकडेच झुकते. हवे ते वाक्य 'शी सेड आय मस्ट बी टायर्ड', 'मी दमलो असणार असं ती म्हणाली'. दुसरे वाक्य घ्या: 'यू मस्ट पे द फी बाय फ्रायडे.' इथे खरीच सक्ती आहे. मग 'ही सेड आय मस्ट पे' चालते, 'ही सेड आय हॅड टू पे' चालते, आणि शुक्रवार अजून पुढे होता हे स्पष्ट करायचे असेल तर 'ही सेड आय वुड हॅव टू पे' सर्वात नेमके.

दोन्ही 'मस्ट' दिसायला जुळे आहेत. ते वेगळे ओळखायचे कसे? स्वान तर्काचा मस्ट आणि सक्तीचा मस्ट वेगवेगळ्या नोंदींत ठेवतात. चौथ्या आवृत्तीत मोडलांची मांडणीच अर्थानुसार आहे: क्षमता, परवानगी, सक्ती, खात्रीचा अंदाज असे. हे उत्तम. पण ओळखायची खूण मराठीकडे त्यांच्यापेक्षा चांगली आहे. मूळ वाक्य मनात मराठीत म्हणा. 'असणार' आले तर तर्क, मस्ट हलवू नका. 'पाहिजे' किंवा 'लागेल' आले तर सक्ती, मग 'हॅड टू' किंवा 'वुड हॅव टू'ला परवानगी. 'तू दमला असणार.' 'तुला फी भरावी लागेल.' आपल्या भाषेने हे दोन अर्थ वेगळ्या क्रियापदांत वाटून ठेवले आहेत, आणि इंग्रजी शिकताना आपण नेमकी हीच सोय वापरत नाही.

नकाराला आणखी धोका. 'यू मस्टन्ट टच द वायर' म्हणजे तारेला हात लावायचा नाही. 'मस्टचे हॅड टू' ही सवय लागलेला हात लिहितो 'ही टोल्ड मी आय डिडन्ट हॅव टू टच द वायर', म्हणजे 'तारेला हात लावायची गरज नाही'. लावला तरी चालेल! मनाईची मुभा झाली. बरोबर रूपे: 'ही टोल्ड मी आय मस्टन्ट टच इट', किंवा 'ही टोल्ड मी नॉट टु टच इट'. बोलण्यात दुसरेच जास्त. 'डिडन्ट हॅव टू' ही जागा 'नीडन्ट'ची आहे: 'यू नीडन्ट वेट' हे 'शी सेड आय नीडन्ट वेट' किंवा 'शी सेड आय डिडन्ट हॅव टू वेट'. मराठीत 'थांबायचं नाही' आणि 'थांबायची गरज नाही' यांत कोणी गोंधळत नाही. इंग्रजीत गोंधळतो तो केवळ तक्त्यामुळे.

शॅलचे शुड हा दुसरा खड्डा. जुन्या ब्रिटिश वळणात 'आय शॅल' हा प्रथमपुरुषी भविष्यकाळ, आणि तो सांगताना 'आय सेड आय शुड' असे लिहीत. ते वळण आता मागे पडले आहे. 'आय शॅल बी लेट' हे आज 'ही सेड ही वुड बी लेट' असेच सांगतात. 'ही शुड बी लेट' लिहिले तर 'त्याने उशिरा यायला हवे' असा विचित्र अर्थ निघतो. 'शुड' बरोबर बसते ते एकाच ठिकाणी, समोरच्याची मर्जी विचारणाऱ्या प्रश्नात. 'शॅल आय ओपन द विंडो?' हे 'शी आस्क्ट इफ शी शुड ओपन द विंडो'. इथेही मराठीची कसोटी लावा. 'उघडू का?' असे येत असेल तर शुड. 'मी वेळेत पोचेन का?' असे साधे भविष्य असेल तर वुड. 'शॅल'चा हा दुभंग स्वान नोंदवतात, पण तो वाचकाच्या नजरेत भरावा असा ठळक नाही. या पुस्तकाबद्दलची ही एक खरी तक्रार: महत्त्वाच्या आणि किरकोळ गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या जातात.

मेच्या बाबतीत 'कदाचित' आणि 'परवानगी' वेगळे काढायचे. 'इट मे रेन' हे 'शी सेड इट माइट रेन'. पण 'यू मे लीव अर्ली' ही परवानगी असेल तर 'ही सेड आय माइट लीव अर्ली' हे व्याकरणात बसले तरी आजचा वाचक ते 'मी कदाचित लवकर निघेन' असे वाचतो. म्हणून 'ही सेड आय कुड लीव अर्ली' लिहावे. ऑफिसच्या ईमेलमध्ये ही चूक सर्रास दिसते आणि तिच्यामुळे सुटी मंजूर झाली की नाही हेच कळत नाही.

कॅनचे कुड सरळ आहे, पण एक गाठ सोडवून ठेवावी. 'ही सेड ही कुड कम' याचा अर्थ 'येऊ शकेन' असा भविष्याकडचाही होतो आणि 'येऊ शकत होतो' असाही. मूळ बोलणे 'आय कॅन कम ऑन संडे' असेल तर 'ही सेड ही कुड कम ऑन संडे' पुरते, कारण रविवार अर्थ पक्का करतो. दिवस-वेळेचा शब्द नसेल तर 'वुड बी एबल टू' वापरावे. अंदाजाचा कॅन्ट तसाच: 'दॅट कॅन्ट बी ट्रू' हे 'शी सेड इट कुडन्ट बी ट्रू'. आणि मागच्या काळातली क्षमता, 'आय कुड स्विम व्हेन आय वॉज फाइव', ही 'ही सेड ही कुड स्विम व्हेन ही वॉज फाइव' अशीच राहते. 'हॅड बीन एबल टू' चूक नाही, पण गरज नसते.

मोडलापुढे 'हॅव' असेल तर त्या 'हॅव'ला हात लावायचा नाही, फक्त त्याच्या आधीचे मोडल बघायचे. विल हॅवचे वुड हॅव, मे हॅवचे माइट हॅव, कॅन्ट हॅवचे कुडन्ट हॅव. शुड हॅव, वुड हॅव, मस्ट हॅव जागच्या जागी. 'दे मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन' हे 'शी सेड दे मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन'.

जर-तरच्या वाक्यांत पुस्तक मोकळीक देते आणि ते योग्यच आहे. 'इफ आय हॅड टाइम, आय वुड हेल्प' हे बहुतेक वेळा तसेच ठेवतात: 'ही सेड इफ ही हॅड टाइम ही वुड हेल्प'. प्रसंग उलटून गेला असेल आणि आता मदतीचा प्रश्नच उरला नसेल तर 'इफ ही हॅड हॅड टाइम ही वुड हॅव हेल्प्ड' असेही येते. परीक्षेत पहिले लिहावे.

आता वर्तमानपत्रांच्या कामाचा भाग. इंग्रजी बातमीचे मराठी किंवा मराठीचे इंग्रजी करणाऱ्यांना रोज हा प्रश्न पडतो: 'सेड' नंतर 'विल' की 'वुड'? समजा रेल्वेने शनिवारी कळवले की रविवारच्या मेगाब्लॉकमुळे गाड्या उशिराने धावतील. 'द रेल्वे सेड ट्रेन्स वुड रन लेट ऑन संडे' हे कधीही बरोबर. 'द रेल्वे सेड ट्रेन्स विल रन लेट ऑन संडे' हेही चालते, मात्र वाचक ती बातमी वाचतो तेव्हा रविवार अजून यायचा असला पाहिजे. सोमवारी त्याच घोषणेचा उल्लेख करायचा तर 'वुड'ला पर्याय नाही. स्वान यांचे म्हणणे याच दिशेचे आहे: बोलण्यातली परिस्थिती अजून तशीच असेल तर वर्तमान किंवा भविष्य रूप ठेवता येते. पण 'वुड' म्हणजे शंका नव्हे, हे मराठी अनुवादकाने मनावर ठसवून घ्यावे. 'ट्रेन्स वुड रन लेट' याचे मराठी 'गाड्या उशिराने धावतील, असे रेल्वेने सांगितले' असेच. 'धावल्या असत्या' किंवा 'धावू शकतात' केले की बातमीच बदलते. उलट बाजूने, 'माइट' दिसले तर ते मूळ 'मे'चे असेल किंवा मूळचेच 'माइट' असेल. मराठीत दोन्हीकडे 'शकतील' किंवा 'शक्यता आहे' पुरते.

रिपोर्टिंगचे क्रियापद वर्तमानात असेल, 'ही सेज' किंवा 'ही हॅज सेड', तर काहीच हलवायचे नाही. हे गाइडेही सांगतात, पण 'हॅज सेड' पाहून 'सेड' भूतकाळी समजणारे पुष्कळ. वर्तमानपत्री इंग्रजीत 'हॅज सेड' वारंवार येते, तेव्हा तिथे 'विल' दिसले तर ती चूक नव्हे.

सगळीकडे 'दॅट' लावून मोडल फिरवत बसायची गरजही नसते. 'विल यू होल्ड धिस?' ही विनंती, म्हणून 'शी आस्क्ट मी टु होल्ड इट'. 'आय विल रिटर्न द मनी' हे वचन, म्हणून 'ही प्रॉमिस्ड टु रिटर्न द मनी'. इथे मोडल गायब झाले आणि वाक्य सुधारले. सजेस्ट मात्र या चालीत बसत नाही. 'ही सजेस्टेड मी टु गो' ही आपल्याकडची ठरलेली चूक, 'त्याने मला जायला सुचवले' या मराठी बांधणीतून आलेली. 'ही सजेस्टेड दॅट आय शुड गो', किंवा शुड गाळून 'ही सजेस्टेड दॅट आय गो'. या दुसऱ्या रूपात 'ही सजेस्टेड दॅट शी गो' असेच येते, 'गोज'ही नाही आणि 'वुड गो'ही नाही. इन्सिस्ट, डिमांड, रेकमेंड यांनाही हीच बांधणी. पुस्तकात सजेस्टची स्वतंत्र नोंद आहे आणि ती वाचावीच.

एवढे सगळे या पुस्तकातून मिळते का? बहुतेक मिळते, पण एका जागी नाही. अडचण इथेच आहे. काळ मागे सरकण्याची गोष्ट एकीकडे, न बदलणारी मोडले थोडी पुढे, 'मस्ट' आणि 'हॅव टू' मोडलांच्या विभागात, 'सजेस्ट' शब्दांच्या भागात. पुस्तक संदर्भासाठी आहे, पहिल्या पानापासून वाचायचे नाही, हे खरे. तरी या विषयासाठी वाचायचा क्रम असा ठेवावा: आधी मागच्या सूचीत 'इनडायरेक्ट स्पीच' काढून तो पूर्ण विभाग पेन्सिलीने खुणा करत वाचावा. मग त्यात ज्या नोंदींकडे बोट दाखवले आहे तेवढ्याच उघडाव्यात. नोंदींना क्रमांक आहेत आणि एकमेकींचे हवाले नेमके दिलेले आहेत, ते वगळू नयेत, कारण अर्धे उत्तर हवाल्यात असते. त्यानंतर मोडलांच्या विभागातून सक्ती, परवानगी, खात्रीचा अंदाज एवढ्या नोंदी. दोन-तीन बैठकींत होते. आणि प्रत्येक नियमाशेजारी समासात आपले मराठी वाक्य लिहावे: 'असणार', 'लागेल', 'उघडू का', 'चालेल'. हे समासातले शब्दच पुढे उपयोगी पडतात. पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले, तेव्हा मराठी त्यात असणार नाही. ते काम वाचकाचे.

चौथ्या आवृत्तीतली एक सोय फार चांगली: प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला चुकीची वाक्ये दिली आहेत आणि काय चुकले व का, असे विचारून उत्तर कुठल्या नोंदीत आहे ते समोरच सांगितले आहे. शिक्षकांनी वर्गात हेच पान वापरावे. उत्तर आधी सांगू नये, मुलांना नोंद शोधायला लावावी. पुस्तकात याहून वेगळे स्वाध्याय नाहीत. रिकाम्या जागा भरा, वाक्ये बदला, मागे उत्तरे, असे काही शोधणाऱ्याची निराशा होईल. सरावासाठी रेमंड मर्फी यांचे 'इंग्लिश ग्रामर इन यूज' जोडीला घ्यावे, डावीकडे समजावणी आणि उजवीकडे सराव अशी त्याची रचना आहे. पाचव्या आवृत्तीत या विषयाचे पाठ 47 आणि 48. मात्र मर्फी विल-वुड, कॅन-कुड अशी पायाभूत जोडी पक्की करून देतात. 'मस्ट'च्या अर्थांची वाटणी त्या दोन पाठांत शोधू नये, त्यासाठी परत स्वानच.

पुस्तक ब्रिटिश वापर पायाभूत धरते आणि अमेरिकन फरक जिथल्या तिथे सांगते. या विषयात तो फरक 'शॅल' आणि 'नीडन्ट' यांच्यापाशी जाणवतो. अमेरिकन ग्राहकांशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी 'नीडन्ट' ऐवजी 'डिडन्ट हॅव टू' धरावे. उदाहरणे छोटी, घरगुती आणि स्वाभाविक आहेत, पण कार्यालयीन किंवा बातमीच्या भाषेतली कमी. समजावणीचे इंग्रजी साधे आहे. संज्ञांसाठी सुरुवातीला वेगळी यादी आहे, ती अधूनमधून उघडावी लागते.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. चौथी आवृत्ती नुसत्या छापील रूपातही मिळते आणि ऑनलाइन वापराच्या कोडसहही मिळते. वेष्टनावर काय लिहिले आहे ते पाहून घ्यावे, आणि जुन्या प्रतीसोबत आलेला कोड चालेल असे धरू नये. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फाउंटनच्या पदपथावर 2005 ची तिसरी आवृत्ती दिसली तर ती टाकाऊ नाही. तिच्यात नोंदी वर्णक्रमाने आहेत, म्हणजे 'मस्ट' हवे असेल तर सरळ 'एम'खाली. शब्द माहीत असून नियम शोधणाऱ्याला ही मांडणी उलट सोपी पडते. या प्रश्नावरचा नियम दोन्हीकडे तोच आहे. फक्त झेरॉक्स काढलेली किंवा पुसट छपाईची प्रत घेऊ नये. या पुस्तकात चुकीची वाक्ये वर रेघ मारून दाखवतात. ती रेघ पुसट झाली की चुकीचे वाक्यच बरोबर म्हणून पाठ होते.

कोणासाठी: आठवी ते बारावीला इंग्रजी शिकवणारे शिक्षक, अनुवादक, इंग्रजी मजकूर तपासणारे उपसंपादक, आणि स्पर्धा परीक्षेचे व्याकरण एकदा करून पुन्हा पुन्हा त्याच चुका होणारे उमेदवार. दहावीच्या विद्यार्थ्याच्या हाती हे देऊ नये, तो पहिल्याच आठवड्यात ते उशाला घेईल. त्याच्या शिक्षकाच्या टेबलावर मात्र ते असावे. आणि 'यू मस्ट बी टायर्ड'चे उत्तर 'आय मस्ट बी टायर्ड' लिहिणाऱ्या मुलाला गाइडाच्या तक्त्यावरून शून्य देण्याआधी शिक्षकांनी न बदलणाऱ्या मोडलांची नोंद उघडावी.